जमिनीखालचे चार बेंड

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता विनायकरावांनी वसाहतीच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर पॅन्ट जरा वर ओढली आणि काहीतरी ओलांडलं. रस्त्यावर ओलांडण्यासारखं काही नव्हतं, साधा खडासुद्धा नव्हता. दूध घेऊन परतणारे दोघेतिघे थांबून बघत राहिले. एकोणसाठ वर्षांचा माणूस कपाळापासून नाकापर्यंत काळा जाडजूड चष्मा चढवून रिकाम्या रस्त्यावर पाय उंच उचलत चालायला लागला, की लोक बघणारच.

"बाबा, तो पाईप दीड मीटर खाली आहे. अडखळणार नाही तुम्ही," रुचिरा मागून म्हणाली.

"माहीत आहे मला. मीच घातलाय तो," विनायकराव म्हणाले आणि पुढचा पाईपही त्यांनी तस्साच ओलांडला.

आता हे विनायकराव कोण, ते आधी सांगतो. पनवेलहून पळस्पे फाट्याकडे जाताना नवतारा नावाची बावीस इमारतींची वसाहत लागते. सतरा वर्षांपूर्वी ती उभी राहिली तेव्हा विनायकराव बिल्डरकडे सुपरवायझर होते. जमिनीच्या वरचं काम दुसऱ्यांचं, खालचं सगळं यांचं. पाण्याचे पाईप, सांडपाण्याच्या लाइनी, विजेच्या केबली, सगळं त्यांनी घातलं आणि सगळ्याचे नकाशे स्वतःच्या हाताने काढले. पुढे रहिवाशांच्या फेडरेशनने त्यांनाच देखभालीसाठी ठेवून घेतलं. आर्किटेक्टचं नाव गेटावर संगमरवरात कोरलेलं आहे. विनायकरावांचं काम मात्र मातीत गेलं आणि त्यावर बाग झाली. वा विनायकराव, काय सुरेख पाईप घातलाय, असं त्यांना सतरा वर्षांत कोणी म्हटलं नाही. म्हणणार कसं, दिसायला तर हवा. नळाला पाणी आलं नाही की तेवढं त्यांचं नाव सगळ्यांना बरोबर आठवायचं.

आणि आज ते सगळं दिसत होतं. रस्ता होता तसाच होता, गाड्या होत्या, कडुनिंब होता, समोरून कुत्रं चाललं होतं. पण डांबराच्या खाली, काचेखाली ठेवल्यासारखा, निळा पाईप सरळसोट पडलेला होता. त्याला कोपऱ्यावर व्हॉल्व्ह होता. त्याच्याखालून तपकिरी सांडपाण्याची लाइन गेली होती, पलीकडे लाल केबल. विनायकराव डावीकडे सरकले तर पाईप जागचा हलला नाही. ते उकिडवे बसले, तर तो जवळ आला. त्यांनी हात पुढे केला आणि हवेतच व्हॉल्व्हवर ठेवला.

"काय दिसतंय?" रुचिराने विचारलं.

विनायकरावांनी व्हॉल्व्हवरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "माझं अक्षर दिसतंय गं. नकाशात व्हॉल्व्हवर मी 'व्ही-अकरा' लिहिलं होतं ना, ते तसंच आहे."

ही करामत रुचिराची. ती खारघरच्या एका लहानशा कंपनीत होती. असे हेडसेट कामाच्या माणसांना कसे वापरता येतील ते बघायचं आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं, हे त्या कंपनीचं काम. हा खेळण्यातला चष्मा नव्हे, की घातला आणि माणूस भलत्याच जगात गेला. यातून खरं जग दिसतंच, त्यावर आपल्याला हवं ते मांडता येतं आणि मांडलेलं जागेवरून ढळत नाही. इमारतींच्या कोपऱ्यांवर तिने चौकोनी खुणांचे कागद चिकटवले होते. त्या खुणा बघून हेडसेट आपण कुठे उभे आहोत ते ओळखायचा आणि बाबांचे नकाशे बरोबर त्या जागी जमिनीत नेऊन बसवायचा. अडचण एकच होती, कडक ऊन. नऊ वाजले की रंग फिके पडायचे आणि दहाला तर काहीच दिसायचं नाही. म्हणून सगळं सकाळी उरकायचं.

उरकायचं काय, तर रविवारचं काम. गाड्यांच्या चार्जिंगसाठी वसाहतीत नवी केबल टाकायची होती. नऊ नंबर इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, पाण्याचा मुख्य पाईप सरळ गेलेला. त्याच्यापासून दोन मीटर आत, त्याला समांतर, केबलचा चर जेसीबीने खणायचा. फेडरेशनचे अध्यक्ष कमलाकर म्हसकर हे बँकेतून निवृत्त झालेले, कुठल्याच कागदावर विश्वास नसलेले आणि कागदाशिवाय एक पाऊल न टाकणारे गृहस्थ. त्यांनी शुक्रवारी मीटिंगमध्ये स्पष्टच सांगितलं होतं.

"विनायकराव, तुमच्या नकाशावर आणि मुलीच्या यंत्रावर रविवारी जेसीबी चालवू. पाईप शाबूत राहिला तर तुमचे सगळे नकाशे या यंत्रात घालू, पुढची सगळी कामं त्यावरून. पाईप फुटला तर नकाशे रद्दीत. मग बाहेरची माणसं बोलावून जमीन नव्याने तपासून घेऊ. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट न वाटून कसं चालेल? महिनाअखेरीला विनायकराव निवृत्त होणार होते. त्यांच्या मागे नवतारामध्ये त्यांचं म्हणून जे उरणार होतं, ते एवढे नकाशेच.

पण शनिवारी सकाळी त्यांना रविवारची काळजी शिवलीही नव्हती. त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांनी बावीसच्या बावीस इमारतींना फेरी मारली. तेरा नंबरच्या जोशीकाकूंना खाली बोलावून, त्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवून, त्यांच्या न्हाणीघराचं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. काकूंना त्याचं फार कौतुक वाटलं असं नाही, पण त्या हो हो म्हणाल्या. वॉचमनला दाखवलं. इस्त्रीवाल्याला दाखवलं. रुचिरा मागे मागे फिरून बॅटरी बघत होती आणि हसत होती. लहानपणी जत्रेत ती जशी बाबांना ओढायची, तसे आज बाबा तिला ओढत होते.

"आणखी कशाकशाला वापरता येईल हे?" त्यांनी दहाव्यांदा विचारलं.

"सांगितलं ना बाबा. आयटीआयच्या पोरांना वेल्डिंग शिकवायला. हातात खरी दांडी, समोर खोटी ठिणगी, चुकलं तरी हात भाजत नाही. गेल्या महिन्यात मोरा बंदरावर आम्ही बोटीचं इंजिन उघडून बघितलं. खलाशी तिथे, मेकॅनिक मुंबईत. मेकॅनिकला खलाशाच्या डोळ्यांनी इंजिन दिसत होतं. तो तिकडून खूण करायचा, याला इकडे बरोबर तो नट लाल दिसायचा. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर..."

"डॉक्टरांचं राहू दे. मला फिटरचं सांग."

"फिटरचं तुम्हीच सांगा. तुम्हालाच जास्त कळतंय."

विनायकराव लगेच सांगायला लागले. आज हे डोक्यावर विटेएवढं वजन आहे. दहा वर्षांनी साध्या चष्म्याएवढं होईल. पळस्प्याचा प्रत्येक फिटर सकाळी डबा घेतो तसा चष्मा घेऊन निघेल. पाईप कुठे, केबल कुठे, कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुठलं पाणी जाईल, सगळं डोळ्यांसमोर. रस्ते चाळण व्हायचे थांबतील. कोणी कोणाची केबल तोडणार नाही. "आणि रुचू, माणूस गेला तरी त्याचं काम दिसत राहील," ते म्हणाले आणि मग त्यांनी घाईने घड्याळ बघितलं.

पावणेनऊला ते नऊ नंबरच्या मागे आले. रविवारच्या चराची रेघ मारून ठेवायची होती. रुचिराने हेडसेट घातला, तिला दिसणाऱ्या निळ्या पाईपापासून टेपने दोन मीटर मोजले आणि विनायकरावांनी पांढरी फक्की टाकत सरळ रेघ ओढली. तिथेच शुक्री गवत काढत बसली होती. पन्नाशीला आलेली, वाडीवरून रोज चालत येणारी, बागेच्या ठेकेदाराकडे रोजावर असलेली बाई. पाच वर्षं ती इथे काम करत होती. विनायकराव तिला ओळखत होते आणि तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. का, ते कळेलच.

रेघ तिच्या पुढ्यात आली तेव्हा शुक्रीने खुरपं खाली ठेवलं.

"सायेब, तिथं नका खणू. खाली पाईप हाय."

"पाईप भिंतीलगत आहे शुक्रीबाई. हे बघ, इथून सहा फूट लांब."

"बाकी सगळा भिंतीलगत हाय. इथं नाय. इथं तो आत आलाय."

विनायकराव हसले. सकाळपासून आनंदात असलेला माणूस असंच हसतो. "अगं, आम्हाला जमिनीच्या आतलं दिसतंय या यंत्रातून. सरळ गेलाय."

"तुमच्या यंत्रात गेला आसंल. चर आमी खणलाय."

"मग आत कसा आला? कोणी वाकवला?"

शुक्री खुरप्याची माती बोटाने काढत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मुकादमाला इचारा."

विनायकरावांचं हसू गेलं. "मला त्याला काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि उरलेली फक्की त्यांनी एका हिसक्यात ओतली.

मुकादम म्हणजे देवजी, शुक्रीचा नवरा. सतरा वर्षांपूर्वी नवताराचे चर त्याच्या टोळीने खणले होते. हुशार माणूस, शब्दाचा पक्का, डोळ्यांनी बघून उतार सांगणारा. आणि याच पाईपाच्या वेळी स्टोअरमधले चार बेंड नाहीसे झाले. बेंड म्हणजे पाईप वळवायचा वाकडा तुकडा. सहा इंची पाईपाचे चार बेंड. विनायकरावांनी विचारलं तर देवजी म्हणाला, वापरले. कुठे वापरले? नकाशात तर लाइन सरळ, एकही वळण नाही. देवजी मान खाली घालून उभा राहिला आणि पुढे एक अक्षर बोलला नाही. विनायकरावांनी सगळ्या टोळीदेखत त्याला चोर म्हटलं आणि कामावरून काढलं. त्यानंतर पनवेलमधल्या कुठल्या साइटवर देवजीला मुकादमी मिळाली नाही. तो वीटभट्ट्यांवर गेला.

घरी चहा पिताना रुचिराने विचारलं, "बाबा, ती बाई काय म्हणत होती ते एकदा तपासायचं का?"

"काय तपासायचं? मी काढलेला नकाशा आहे तो. खाली सही आहे माझी. प्रत्यक्ष जागेवर तपासले, असं लिहिलंय."

"मग प्रश्नच नाही," रुचिरा म्हणाली आणि तिने बिस्किट चहात बुडवलं.

प्रश्न होता. तो फक्त विनायकरावांना माहीत होता. नऊ नंबरमागचा तो चर खणला, पाईप पडला आणि माती लोटली, ते तीन दिवस विनायकराव साइटवर गेलेच नव्हते. आठ वर्षांच्या रुचिराला कांजिण्या झाल्या होत्या आणि ती बाबांचा हात सोडायला तयार नव्हती. चौथ्या दिवशी ते गेले तेव्हा जमीन सपाट झाली होती. मग त्यांनी टेबलावर बसून, आधीच्या आराखड्यावरून, पट्टी लावून रेघ ओढली आणि खाली ते तीन शब्द लिहून सही ठोकली. सगळे तसंच करत. शंभर नकाशांत एक नकाशा. सरळ लाइन सरळच जाणार, वाकडी कशाला जाईल? सतरा वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं, आणि आज चहाचा कप हातात धरून तेच पुन्हा सांगितलं. 

रविवारी सकाळी सातला नऊ नंबरच्या मागे ही गर्दी. सुट्टीचा दिवस, फुकटचा खेळ, मग काय. पोरं भिंतीवर चढून बसली होती, खुर्च्या आल्या होत्या, कोणीतरी थर्मासमधून चहा आणला होता. म्हसकरांनी हेडसेट घालून बघितला आणि ते चक्क "अरे वा" म्हणाले. त्यांच्या तोंडून असं निघाल्याचं फेडरेशनच्या कोणाला आठवत नव्हतं. रुचिराचे गाल लाल झाले होते. तिचे खारघरचे साहेब मोबाइलवरून हे सगळं बघत होते. जेसीबीवाला प्रितेश इंजिन सुरू करून बसला होता.

आणि फक्कीच्या रेघेवर, बरोबर मधोमध, शुक्री गवत काढत बसली होती.

"अहो बाई, उठा तिथून," म्हसकर म्हणाले.

"थोडं ऱ्हायलंय," शुक्री म्हणाली. तिथे गवताची एक काडी नव्हती.

प्रितेशने हॉर्न वाजवला. शुक्री हलली नाही. ती ओरडत नव्हती, भांडत नव्हती, विनायकरावांकडे बघतही नव्हती. आदल्या दिवशी सांगायचं ते सांगून झालं होतं. आता ती नुसती बसली होती. लोकांत हसू पसरलं. कोणीतरी म्हणालं, हिला पण चष्मा हवा असेल.

विनायकराव तिच्याकडे बघत राहिले. भिंतीपासून ती सहा फुटांवर बसली होती. समजा, नुसतं समजा, की ही खरं बोलते आहे. भिंतीलगत येणारा पाईप इथे आत घ्यायचा, तर काय लागेल? भिंत सोडायला एक बेंड. आत आल्यावर पुन्हा सरळ व्हायला दुसरा. परत भिंतीकडे वळायला तिसरा. आणि भिंतीला लागून पुन्हा सरळ जायला चौथा.

हिशोब पहिलीतल्या पोराचा होता. विनायकरावांना तो करायला सतरा वर्षं लागली होती.  प्रितेशने जेसीबीचं बकेट वर उचललं होतं, बाईला घाबरवून उठवायला.

"थांब," विनायकराव म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. मग ते स्वतः जाऊन शुक्रीच्या आणि बकेटच्या मध्ये उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "बंद कर ते. प्रितेश, बंद कर."

इंजिन बंद झालं.

"काय झालं?" म्हसकरांनी विचारलं.

विनायकरावांनी रुचिराकडे पाहिलं. ती मोबाइल छातीशी धरून उभी होती. तिला किती लागेल हे त्यांना दिसत होतं आणि तरी सांगायचं होतं.

"हा नकाशा मी जागेवर न जाता काढलाय," ते म्हणाले. "खाली तपासले असं लिहिलंय, ते खोटं आहे. इथला पाईप कुठे आहे ते मला माहीत नाही. हिला माहीत आहे."

 थर्मासवाल्याने चहा ओतायचा थांबवला. म्हसकरांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून बँकेतलं काहीतरी बाहेर पडणार, तेवढ्यात विनायकरावांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. "कुठे शुक्रीबाई?"

शुक्री उठली. जिथे बसली होती तिथेच तिने टाचेने खूण केली. "इथं. हळू घाला, छातीएवढ्या खोलीवर हाय."

विनायकराव खणायला लागले. दहा घावांत त्यांना दम लागला, मग प्रितेश खाली उतरला आणि त्याने कुदळ घेतली. भिंतीवरची पोरं उतरून कडेला आली. खड्डा कमरेएवढा झाला, मग आणखी खोल गेला. शेवटची माती विनायकरावांनी आत उतरून हाताने काढली. राखाडी पाईप दिसला, आणि त्याला लागून कोपरासारखा वळलेला बेंड. बकेटचा एक दणका आणि बावीस इमारती कोरड्या पडल्या असत्या, हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता कळलं. प्रितेशने दोन्ही कानांना हात लावला.

"यंत्र फेल, नकाशा फेल," म्हसकर हळूच म्हणाले. "बाई पास."

तेवढ्यात रुचिरा पुढे आली. ती रडेल असं विनायकरावांना वाटलं होतं. तिचे डोळे लकाकत होते.

"यंत्र फेल कसं काका? याला आम्ही नुसतं दाखवायला लावलं होतं. हे लिहून पण घेतं." तिने हेडसेट शुक्रीपुढे धरला. "मावशी, हा घाला. बोटांची चिमूट अशी धरायची आणि चर जिथून खणला तिथून चालायचं. बाकी हा करेल."

शुक्रीने पदराने कपाळ पुसलं आणि हेडसेट घालून घेतला. पहिल्यांदा तिने स्वतःचेच हात उलटसुलट करून बघितले. मग चिमूट धरली आणि चालायला लागली. तिच्या मागे हवेत नाही, जमिनीत, हिरवी रेघ उमटत गेली. रुचिराने ती मोबाइलवर सगळ्यांना दाखवली. भिंतीपासून आत, चार पावलं सरळ, परत भिंतीकडे. तिथे शुक्री थांबली नाही. सात नंबरच्या मागे खडक लागला होता म्हणून आमी वर घेतला, म्हणाली. सोळापाशी जुनी विहीर बुजवलेली हाय, तिला वळसा मारलाय. बाई सांगत चालली आणि निम्मी वसाहत तिच्या मागे चालली. मोबाइलमधून रुचिराचे साहेब ओरडून विचारत होते की ही कोण आहे, हिला सोमवारी खारघरला आणता येईल का.

"मुकादमाला माझ्यापरीस जास्त ठावं हाय," शुक्री हेडसेट काढत म्हणाली.

विनायकरावांनी रिक्षा बोलावली आणि ते एकटेच वाडीवर गेले.

देवजी अंगणात टोपली विणत बसला होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच माणूस. त्याची मुलगी माधुरी, यंदा बारावीला असलेली, उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. विनायकराव उभ्याउभ्याच बोलले, कारण बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

"देवजी, बेंड सापडले. मी तुला चोर म्हटलं होतं. चुकलो मी. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती तिथे, सगळ्यांसमोर मागायची आहे. येतोस?"

देवजी कितीतरी वेळ टोपलीची एक काडी आतबाहेर करत राहिला.

"तेव्हा सांगितलं का नाहीस?" विनायकरावांनी विचारलं. "एका शब्दाने काम झालं असतं."

"झालं आसतं," देवजी म्हणाला. "तुमी परत सरळ खणायला लावलं आसतं. त्या भिंतीला आमची झोपडी व्हती. ही पोर त्या झोपडीत झाली, चर खणायच्या आदल्या दिशी. हिची नाळ तिथं पुरलेली. आमच्यात ती जागा उकरत नाय, सायेब. म्हनून आमी पाईपच वळवला." त्याने काडी दाबून बसवली. "चोर म्हनलात तर म्हनलात. पोरीची जागा ऱ्हायली."

विनायकराव मटकन अंगणात बसले. त्या तीन दिवसांत ते स्वतः कुठे होते, हे त्यांनी देवजीला सांगितलं. मी पण माझ्या पोरीपाशीच होतो, म्हणाले. देवजीने मान हलवली आणि माधुरीला म्हटलं, माझा सदरा आन.

ते तिघे पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते आणि ऊन चांगलंच चढलं होतं. विनायकरावांनी ठरवल्याप्रमाणे सगळ्यांसमोर हात जोडले आणि चोरीचा आळ खोटा होता हे मोठ्याने सांगितलं. मग रुचिराने देवजीला हेडसेट चढवला.

"काय नाय दिसत. पांढरं पांढरं दिसतंय," देवजी म्हणाला.

"ऊन आलं. सावली हवी, पटकन कोणीतरी," रुचिरा म्हणाली.

छत्री एकट्या म्हसकरांकडे होती. ते बारा महिने छत्री घेऊन फिरत. त्यांनी ती उघडली आणि, मी डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगतो, फेडरेशनचे अध्यक्ष देवजी मुकादमाच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. देवजी एक पाऊल पुढे गेला की तेही जात.

"आता?"

"आता दिसतंय." देवजी वाकला. हिरवी रेघ त्याच्या पायाखालून चालली होती. एका जागी त्याने शुक्रीची रेघ वीतभर सरकवली. मग बोटांची चिमूट केली आणि पहिल्या बेंडाची खूण टाकली. दुसरी टाकली. तिसरी आणि चौथी टाकली. मग त्याने हेडसेट काढला आणि विनायकरावांपुढे धरला.

"मोजा, सायेब."

विनायकरावांनी हेडसेट घातला. म्हसकरांची छत्री त्यांच्या डोक्यावर आली. बेंड खाली चमकत होते. ते पहिल्यापाशी गेले, बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजलं. "एक." पुढे गेले. "दोन." आणखी पुढे गेले. "तीन." अख्खी वसाहत ऐकत होती. "चार."

"पुरे?" देवजीने विचारलं.

"पुरे," विनायकराव म्हणाले.

बेंडांच्या आणि भिंतीच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर माधुरी जाऊन उभी राहिली होती. तिथे साधी हिरवळ होती. ती चपला काढून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. रुचिराने तेवढ्या जागेला चौकट आखली आणि आत लिहिलं, इथे खणू नये. सॉफ्टवेअर तिला कारण विचारत होतं. तिने लिहिलं, माधुरी.

केबलचा चर पलीकडून न्यायचं ठरलं. नकाशे रद्दीत घालायचे नाहीत, एकेक लाइन खणणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन तपासायची, असं म्हसकरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. विनायकरावांनी त्या कामासाठी महिनाअखेरीनंतरही यायचं कबूल केलं, पण मुकादम म्हणून देवजी असेल तरच. देवजी म्हणाला, भट्टीवर सांगून येतो.

शेवटी सही राहिली. नवा नकाशा हेडसेटमध्ये उघडा होता आणि खालच्या कोपऱ्यात ते जुने तीन शब्द तसेच होते, प्रत्यक्ष जागेवर तपासले. विनायकरावांनी त्यापुढचं आपलं नाव पुसलं. मग देवजीला जवळ बोलावून, त्याचा हात धरून, त्याच्याकडून त्या जागी अक्षर अक्षर करत त्याचं नाव लिहून घेतलं. म्हसकरांचा हात दुखायला लागला होता, पण त्यांनी छत्री खाली घेतली नाही.